जमिनीला वाफसा नाही, तिथे सेफ्टी टाकी काय करील?

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदीसाठी आणि उभ्या उसाच्या पाहणीसाठी आम्ही गावोगाव फिरत असतो. बांधावर बोलणे उसाचेच होते, पण चहाला घरी गेलो की विषय बदलतो. पुष्य-आश्लेषाच्या पावसात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "साहेब, संडासातलं पाणी जातच नाही." भांड्यात पाणी ओतले की ते वर येते, गुडगुड आवाज होतो, न्हाणीघराच्या जाळीतून वास सुटतो आणि टाकीच्या झाकणापाशी काळे पाणी पाझरते. मग घरातला पुण्याला शिकणारा मुलगा मध्येच म्हणतो, "सदाशिव पेठेत आम्ही एका खोलीत चौघं राहतो, मजल्यावर सगळ्यांना मिळून एक संडास. तिथे कितीही पाऊस पडू दे, असं होत नाही. आपल्याकडेच का?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरासाठी आधी सदाशिव पेठेतच जाऊन यावे लागेल. आपल्या भागातली कितीतरी मुले-मुली तिथे खोल्या घेऊन राहतात, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिवस काढतात. त्यांच्या संडासाला टाकीच नाही, हे त्यांच्या कधी ध्यानात आलेले नसते. ओतलेले पाणी इमारतीखालच्या नळातून चेंबरमध्ये आणि तिथून रस्त्याखालच्या गटारात जाते. पेठेचा उतार पर्वतीकडून मुठा नदीकडे आहे, त्या उताराने ते वाहते आणि पुढे महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांकडे जाते. आणि तिथून? शहराचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलवरून उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे आपण ज्याला बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडण्याची योजना आहे. ते हवेली-दौंडकडच्या शेतीला मिळते. तेव्हा मुलगा सदाशिव पेठेत जे पाणी ओततो, ते फिरून बापाच्या उसाला येते असे म्हटले तर फार चूक होणार नाही. (ते पाणी कितपत शुद्ध असते, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.)

पेठेलाही हे सुख आयते मिळालेले नाही. पिण्याच्या पाण्याचा विचार पुण्यात फार आधी झाला. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावांचे पाणी बंद दगडी नळाने शहरात आणून पेठापेठांतल्या हौदांत सोडले गेले. नळात हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. मैल्याचा विचार मात्र त्यानंतर फार उशिरा झाला. वाड्यांच्या मागच्या बाजूला टोपलीचे संडास असत. मागच्या बोळातून सफाई कामगार येत आणि मैला पाटीत भरून डोक्यावरून नेत. पावसाळ्यात ती पाटी कोणाच्या अंगावर गळत असेल, हे सांगायला नको. भुयारी गटारे आली, संडासाला पाणी आले, तेव्हा कुठे हा प्रकार बंद झाला.

आणि पुण्यात पावसाने काहीच तुंबत नाही, हेही खरे नाही. जोराच्या सरीत पावसाचे पाणी मैल्याच्या गटारात शिरते, चेंबरची झाकणे उचलली जातात आणि सखल भागातल्या तळमजल्यावर पाणी उलटे येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर-सहकारनगरच्या बाजूला घरांत पाणी शिरून माणसे दगावली. त्याआधी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत चिखल-मैला घराघरांत गेला. नळ कोरडे पडले आणि लोकांना पुन्हा आड-विहिरींकडे वळावे लागले. म्हणजे पावसापुढे शहराची गटारेही हात टेकतात. फरक इतकाच, की शहराला पाणी दूर नेऊन टाकणारा नळ आहे. आपल्या वस्तीवर तो नाही. आपल्याला मैल्याचे पाणी आपल्याच आवारात जिरवायचे असते. त्यामुळे आपला संडास टाकीच्या जोरावर चालत नाही, तो जमिनीच्या जोरावर चालतो.

आता टाकीचे बघू. कागदोपत्री तिला सेप्टिक टँक म्हणतात, गावात सगळे सेफ्टी टाकी म्हणतात. (नावातली ही सेफ्टी किती खरी, ते पुढे येईलच.) टाकीत जड गाळ तळाला बसतो, हलके ते सायीसारखे वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी पलीकडच्या नळाने बाहेर पडते. हवा नसताना जगणारे जंतू गाळ खातात आणि तो कमी करतात. गोबरगॅसमध्ये चालते तेच काम इथे चालते. टाकी चांगली चालत असली तरी ती बाहेरच्या नळाच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते. झाकण उघडून पाणी दिसले की "भरली" म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ते भरणे नव्हे. वरून एक बादली आत गेली की दुसऱ्या टोकाने एक बादली बाहेर पडलीच पाहिजे. ती बादली जिथे जाते तो शोषखड्डा. टाकी फक्त गाळ धरून ठेवते. बाहेर पडलेल्या पाण्यात रोगजंतू शिल्लकच असतात. त्यांना गाळून मारण्याचे काम खड्ड्याभोवतीची माती करते, आणि ते तिला जमते कारण तिच्या कणांमध्ये हवा असते.

वाफसा म्हणजे काय, हे ऊस लावणाऱ्याला शिकवायची गरज नाही. मातीच्या पोकळ्यांत थोडे पाणी, थोडी हवा. वाफसा असला की मुळी चालते. पाणी साचले की हवा निघून जाते, पांढरी मुळी काळी पडते आणि वर ऊस पिवळा दिसू लागतो. मग आपण खत टाकत सुटतो, पण जमीन घेत नाही. शोषखड्ड्याचे अगदी असेच आहे. सलग आठ-दहा दिवस झड लागली, की खड्ड्याभोवतीच्या मातीतल्या सगळ्या पोकळ्या पावसाच्या पाण्याने भरतात. त्यात तुमच्या संडासाच्या पाण्याला जागा उरणार कुठे? ते खड्ड्यात तुंबते, तिथून टाकीत मागे येते, टाकीतून नळात, आणि शेवटी घरातली जी मोरी सगळ्यांत खाली असेल तिथून बाहेर डोकावते. टाकीत बिघाड नसतो. जमिनीला वाफसा नसतो.

आपल्या काळ्या जमिनीत हे जास्त होते. उन्हाळ्यात ती हातहात भेगाळते. त्या भेगांतून टाकीचे पाणी न गाळता सरळ खाली पळते, आणि घरच्यांना वाटते, काय झकास चालतेय! पावसाळ्यात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते. त्यातून घराच्या चारी अंगांनी ऊस आणि घर सखलात असले, की बारा महिने पाटाचे पाणी पायाकडेच ओढ घेते. कालव्याच्या पाझराची त्यात भर. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याच्या लाभक्षेत्रात पुढे जमिनी चिबड आणि खारवट होत गेल्या, ती गोष्ट आपण जाणतोच. ज्या चिबडाने ऊस बसतो, त्याच चिबडाने संडासही बसतो. असल्या वस्तीवर पावसाळा लागायच्या आधीच भूजल वर आलेले असते. मग "खड्डा अजून खोल घ्या" हा गवंड्याचा सल्ला उलटा पडतो. बारा फूट खोल खड्डा पावसाळ्यात शोषत नाही. तो विहीर होतो आणि बाहेरचेच पाणी आत घेतो.

पावसाने संडास बसल्याचे जुने उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. सुहास मापुस्कर १९५९ साली देहूच्या आरोग्य केंद्रात आले. लोक उघड्यावर बसतात, म्हणून त्यांनी सरकारी नमुन्याबरहुकूम खड्ड्याचे संडास बांधून घेतले. पावसाळा आला आणि ते खचले. दुसरा कोणी असता तर बदलीची वाट पाहत बसला असता. मापुस्करांनी कोकणात संडासाचे काम केलेले अप्पासाहेब पटवर्धन यांचे प्रयोग समजून घेतले, स्वतः नमुने सुधारले, संडासाला गोबरगॅस जोडला आणि देहूत घराघरांत संडास उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जमीन पाहिल्याशिवाय नमुना उचलू नये, हे देहूला साठ वर्षांपूर्वी कळले होते. आपल्याकडे अजूनही शेजाऱ्याच्या मापाने खड्डा काढला जातो.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या घराचे छत हजार चौरस फूट धरले, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छतावरून साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येते. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी धरतात. तिच्यात मावते अकराशे लिटर. म्हणजे एका रात्रीत छतावरून टाकीच्या चौपट पाणी उतरले. ते पन्हाळीने नेमके टाकीच्या झाकणावर किंवा शोषखड्ड्याच्या तोंडावर पडत असेल तर काय होणार? असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. पुष्कळ ठिकाणी पन्हाळीचा नळ मुद्दाम शोषखड्ड्यात सोडलेला दिसतो, "अंगणात चिखल नको" म्हणून. अंगण स्वच्छ राहते आणि संडास तुंबतो.

टाकीत एकदम एवढे पाणी शिरले, की तळाचा गाळ ढवळतो आणि शोषखड्ड्याकडे जातो. तिथल्या विटांच्या फटी आणि माती तो कायमची बंद करतो. त्यामुळे पाऊस उघडल्यावरही खड्डा पूर्वीसारखा चालत नाही. उघडिपीत ज्याचा संडास आठवडाभरात आपोआप सुधारतो, त्याची नुसती माती भरली होती. दिवाळीपर्यंत ज्याचा सुधारत नाही, त्याच्या खड्ड्यात गाळ गेला आहे, असे ओळखावे.

भर पावसात संडास तुंबला की घरातले दोनच गोष्टी सुचवतात. एक, मैला उपसणारी गाडी बोलवा. दोन, कोणाला तरी आत उतरवा.

गाडीचे पैसे बहुधा वाया जातात. टाकी रिकामी केली तरी भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, शोषखड्ड्यातले पाणी दोन दिवसांत परत येते. शिवाय टाकीला धोका असतो तो निराळाच. रिकामी घागर विहिरीत दाबून पाहा, ती हाताला वर ढकलते. भूजल वर आलेले असताना टाकी पूर्ण उपसली, की खालचे पाणी तिला तसेच वर ढकलते. प्लास्टिकची किंवा फायबरची हलकी टाकी अक्षरशः उचलली जाते, नळ तुटतात. विटांची असेल तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. भर पावसात उपसायचीच वेळ आली, तर पूर्ण उपसू नये. थोडी जागा करून थांबावे. त्यापेक्षा घरातला पाण्याचा वापर कमी करावा. आंघोळीचे, धुण्याचे, भांड्यांचे पाणी टाकीत सोडू नये, ते वेगळे काढावे. खरे तर ते टाकीत कधीच नको. फिनेल, अॅसिड ओतून काही होत नाही, टाकीतले कामाचे जंतू मात्र मरतात.

आणि आत उतरणे. याबाबत आम्हाला कडक लिहावेसे वाटते. टाकीतल्या वायूंत मिथेन असतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. हा दुसरा वायू जास्त झाला, की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणसाला वाटते हवा साफ आहे. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. भाऊ-भाऊ, बाप-लेक असे एकापाठोपाठ गेलेले आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा टाकीत साफसफाईला उतरवणे हा गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले होते, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम ३० लाख झाली. पण मजुरीवर आलेल्या गड्याला पाचशे रुपये जास्त देऊन "जरा बघ रे आत" म्हणणाऱ्याने कायद्याचे कलम पाहण्याआधी त्या गड्याच्या घरचा विचार करावा. कांडी घालून, बांबूने ढवळून, झाकणातून वाकून पाहणेसुद्धा नको. ते काम यंत्राने आणि बाहेरूनच व्हायला हवे.

एवढे सगळे सांगण्याचे खरे कारण विहीर आहे. संडास आठ दिवस बंद राहिला तर गैरसोय होते. विहिरीत ते पाणी उतरले तर घरात अतिसार आणि कावीळ येते, आणि त्यात लहान मूल असले तर दोन दिवसांत गोष्ट हाताबाहेर जाते. पावसाळ्यात शोषखड्ड्यातले पाणी आणि विहिरीचे झरे एकाच पातळीला येतात. भरलेल्या मातीतून जंतू लांबवर जातात. भारतीय मानकाने शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर सांगितला आहे. आपल्या वस्त्यांवर हे अंतर एकदा दोरी लावून मोजावे. अंतर कमी असेल किंवा खड्डा विहिरीच्या चढाला असेल, तर पावसाळ्यात ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. संडासाचे पाणी जुन्या आडात किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडून मोकळे होणारेही आहेत. ते स्वतःच्याच नव्हे, साऱ्या शिवाराच्या पाण्यात मैला सोडतात. असे दिसले तर शेजारधर्म बाजूला ठेवून ग्रामपंचायतीला सांगावे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे टाक्या, खड्डे, विहिरी सगळे एकाच पाण्याखाली गेले. असा पूर ओसरल्यावर विहीर आधी उपसून, मग टीसीएल पावडर टाकावी लागते. प्रमाण आहे हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. गोल विहिरीतले पाणी काढायची सोपी रीत अशी: व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, पाण्याच्या खोलीने गुणावे आणि शेवटी ७८५ ने. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर झाले, त्याला साधारण २०० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी, बादलीने पाणी ढवळावे आणि तासभर थांबावे. पुराच्या पाण्याला एवढी पावडर कमीही पडते. म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घेतल्याशिवाय पिऊ नये.

टाकीची कामे मात्र चैत्र-वैशाखातली आहेत, जेव्हा भूजल खाली असते. दोन-तीन वर्षांनी गाळ काढायचा तो तेव्हाच, आणि थोडा गाळ तळाला ठेवायचा, विरजण म्हणून. झाकण जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावे, सांधे सिमेंटने बंद करावेत. पन्हाळीचे पाणी चर काढून लांब न्यावे. टाकीच्या चढाच्या अंगाला एक आडवा चर घेतला, तर शेतातून येणारे पाणी बाजूने निघून जाते, चिबड प्लॉटला आपण घेतो तसाच. शोषखड्ड्यावरून उसाची ट्रॉली नेऊ नये. माती दबली की तिची तोंडे मिटतात. काळ्या, पाणथळ जमिनीत खोल खड्डा सोडून उथळ लांब चर घ्यावा, किंवा वाळू-मुरमाचा उंचवटा करून त्यात पाणी जिरवावे. गादीवाफ्यावर रोप का लावतात, हे माहीत असलेल्याला हे पटायला वेळ लागणार नाही. वर कर्दळ लावली तर ती पाणी ओढते आणि दिसतेही चांगली.

नवा खड्डा काढण्याआधी जमीन किती घेते ते पाहावे. खड्ड्याच्या जागी तेवढ्याच खोलीवर हातभर रुंदीचा छोटा खड्डा घ्यावा, रात्री पाण्याने भरून माती ओली होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी थोडे पाणी घालून पट्टी उभी करावी आणि एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे. तासाभरापेक्षा जास्त लागत असतील तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, दुसरी जागा शोधावी. एक इंच दहा-वीस मिनिटांत उतरला तर जागा चांगली. ही पाहणी मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत केली तर फसवी निघते, तेव्हा आदल्या रात्री पाणी घालणे चुकवू नये. शक्य असेल तर भाद्रपदात, भूजल वर असताना, त्याच जागी पुन्हा एकदा पाहावे. आमचे गट कर्मचारी पूर्वहंगामी लागणीच्या नोंदीला येतील, तेव्हा मोजलेली मिनिटे त्यांना सांगा. जमिनीचा पोत त्यांना ठाऊक असतो, जागा निवडायला तेवढी मदत होईल.